बाधित सर्व्हे नंबर

मराठीत जमिनीवर आरक्षण ‘पडतं’. गारा पडतात, दुष्काळ पडतो, धाड पडते, तसंच. रस्ता ‘जातो’: “आमच्या मळ्यातनं डीपी रोड गेलाय.” आणि झोन ‘करून आणतात’: “त्यांनी वरनं हिरव्याचं पिवळं करून आणलं.” पहिल्या दोन वाक्यांत करणारा कोणी दिसतच नाही. तिसऱ्यात तो आहे, पण त्याचं नाव कोणी घेत नाही. नगररचना खात्यात तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्यावर मला ही तीन क्रियापदं वारंवार आठवतात. पडणं, जाणं आणि करून आणणं ज्या खोल्यांत व्हायचं, तिथं मी बसलेली असायची. समोर एक तक्ता असायचा आणि त्याचे रकाने भरणं हे माझं काम होतं.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. मुंबई इलाख्याचा १९१५ सालचा नगररचना कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला. त्यात गावाचा एखादा तुकडा घेऊन त्याची आखणी करता येत असे. सबंध शहराचा एकत्रित आराखडा करण्याची सक्ती १९५४ च्या कायद्यानं आली, आणि आज जो चालतो तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. नगरपरिषद किंवा महानगरपालिका आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग सध्या कोणती जमीन कशासाठी वापरली जाते याची पाहणी होते. त्यावरून पुढच्या वीस वर्षांचा प्रारूप आराखडा तयार होतो: घरं कुठं, कारखाने कुठं, शेती कुठं राहील, रस्ते कुठून जातील, शाळा, दवाखाना, मंडई, बाग, स्मशान यांना जागा कुठं. तो प्रसिद्ध झाला की लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. त्यासाठी आता तीस दिवसांची मुदत असते. त्या हरकती ऐकायला एक नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य, म्हणजे निवडून आलेली माणसं, आणि शासनानं नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समिती फक्त शिफारस करते. तिच्यावर निर्णय सर्वसाधारण सभा घेते आणि अखेरची मंजुरी राज्य शासन देतं. आपली हरकत समितीत फेटाळली की सगळं संपलं असं समजून लोक घरी जातात. ज्यांना पुढची दोन दारं माहीत असतात ते मात्र जात नाहीत.

मी रुजू झाले तेव्हा नकाशे हातानं रंगवले जात. राहण्याची जमीन पिवळी, व्यापाराची निळी, कारखान्यांची जांभळी, बाग-मैदानं हिरवी, शेती फिकट हिरवी. अमोनिया प्रिंटचा वास दिवसभर नाकात बसायचा. जमिनीच्या किमतीबद्दल बोलायला गावातल्या लोकांनी हेच रंग उचलले. आजही जाहिरातीत ‘पिवळ्या पट्ट्यातले प्लॉट’ असं छापलेलं दिसतं. रंगाचा ब्रश एका रेषेच्या अलीकडे थांबला की पलीकडे थांबला यावर एखाद्या घराण्याच्या पुढच्या दोन पिढ्या ठरतात, हे मला माझ्या पहिल्याच वर्षी एका वरिष्ठ आरेखकांनी सांगितलं होतं. ते रंगवताना कोणाशी बोलत नसत.

ज्या सुनावणीबद्दल मला लिहायचं आहे ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. कृष्णाकाठचं एक मध्यम गाव. नगरपरिषदेच्या सभागृहात लांब टेबल, टेबलामागे समिती, भिंतीवर आराखड्याचे भाग नकाशे खिळ्यांनी ठोकलेले. बाहेरच्या व्हरांड्यात माणसं बाकांवर, पायऱ्यांवर आणि सायकलींच्या कॅरियरवर बसलेली. शिपाई क्रमांक पुकारायचा. एकेकाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येत. माझ्या तक्त्यात सहा रकाने होते: अनुक्रमांक, हरकतदाराचं नाव, बाधित सर्व्हे नंबर, हरकतीचा गोषवारा, नगररचना अधिकाऱ्याचं मत, समितीची शिफारस. माणूस सातबाऱ्याचा उतारा छातीशी धरून बोलायला लागे आणि मी त्याच्या बोलण्यातून दीड ओळ काढी. “आमच्या आजोबांनी ही जमीन हिरीचं पाणी पाजून केली, थोरल्या भावाचं लगीन त्या पिकावर झालं” याचा गोषवारा ‘वडिलोपार्जित जमीन असलेने आरक्षण वगळावे’ असा होत असे.

आरक्षण क्रमांक तेवीस, क्रीडांगण. त्याखाली एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची सगळीच्या सगळी जमीन गेली होती, एक एकरापेक्षा थोडी कमी. सगळे त्यांना आबा म्हणत. समितीच्या अध्यक्षांनीही “या आबा, बसा” म्हणून खुर्ची दिली. आबा बसले नाहीत. त्यांनी कागदही काढले नाहीत.

“माझ्याच रानावर का?” एवढंच त्यांनी विचारलं.

जाणकारांपैकी एक निवृत्त नगररचनाकार होते. सज्जन माणूस. ते उठून नकाशापाशी गेले आणि बोट ठेवून म्हणाले, “आबा, या सबंध भागात मोकळी जागा तेवढीच उरलीय.”

“मी मोकळी ठेवली म्हणून?”

त्यावर कोणी काही बोललं नाही. पंखा फिरत राहिला. मीही लिहायची थांबले, कारण या वाक्याचा गोषवारा होत नव्हता.

आबांचा प्रश्न कायद्याच्या बांधणीलाच लागणारा होता. आराखडा सुरू होतो तो ‘विद्यमान जमीन वापरा’च्या पाहणीनं. पाहणीच्या दिवशी जिथं घर उभं आहे तिथं घर दाखवावं लागतं. ते परवानगीनं बांधलंय की नाही, याचा रंग वेगळा नसतो. आबांच्या शेजारच्या दोन मालकांनी पाच-सहा वर्षं आधीच गुंठे पाडून विकले होते. मुरुमाचे रस्ते, वेडीवाकडी घरं, गटार नाही. पाहणीत ती जमीन पिवळी झाली. तिथं राहणाऱ्या लोकांच्या मुलांना खेळायला जागा हवी, म्हणून हिशोबानं क्रीडांगण आलं आणि ते पडलं ज्यानं शेती राखली त्याच्यावर. पुढं २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. गुंठे घेणारी माणसं गरीब होती, त्यांना घरातून काढणं कोणालाच शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. पण ज्यानं नियम पाळला त्याची भरपाई करण्यासाठी असा वेगळा कायदा कोणी आणला नाही.

एका आरक्षणावरच्या सगळ्या हरकती एकत्र घ्यायची पद्धत होती. तेवीस नंबरावर आणखी एक अर्ज होता. शिपायानं पुकारल्यावर त्या भागातल्या प्राथमिक शाळेतल्या एक शिक्षिका आत आल्या. वय तिशीच्या आसपास. अध्यक्षांनी विचारलं, “बाई, तुमचा सर्व्हे नंबर?”

“माझी जमीन नाही तिथं. मी भाड्यानं राहते.”

“मग हरकत काय आहे तुमची?”

“हरकत नाही. सूचना आहे. मैदान राहू द्या, एवढंच सांगायला आले.”

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. शाळेला अंगण आहे ते प्रार्थनेच्या रांगांपुरतं. मधल्या सुट्टीत मुलं एस.टी.च्या रस्त्यावर खेळतात. एका मुलाचा पाय त्याच वर्षी मोडला होता. बाईंनी वर्गवार पटसंख्या लिहून आणली होती. समितीतल्या एका सदस्यांना ते सगळं जरा अवघड जात होतं. ते सारखे माझ्या तक्त्याकडे पाहत होते, जणू इथं काहीतरी नियमबाह्य चाललंय. कायद्यात तसं काही नाही. कोणतीही व्यक्ती लेखी सूचना किंवा हरकत देऊ शकते. तिची तिथं जमीन असली पाहिजे असं कुठंच लिहिलेलं नाही. पण आमच्या छापील तक्त्यात ‘बाधित सर्व्हे नंबर’ हा रकाना होता आणि बाईंच्या नावापुढे त्यात घालायला माझ्याकडे काही नव्हतं. मी आडवी रेघ मारली.

आबा तिथंच उभे होते. ते बाईंकडे वळून म्हणाले, “बाई, माझी नातवंडंबी तुमच्याच शाळेत हायती. त्यांनी खेळू नये असं मी कशाला म्हणू? पर त्यांनी खायाचं काय?”

बाई म्हणाल्या, “तुमचं खोटं नाही, आबा.”

त्या तीन आठवड्यांत नऊशेच्या वर अर्ज आले. त्यांतल्या ज्या एका अर्जात कोणीतरी आराखड्यातली एखादी गोष्ट राहू द्या म्हणून आलं, तो हा. बाकीचे सगळे काहीतरी काढा, सरकवा, कमी करा, बदला असं सांगणारे. यात नवल नाही. ज्याचं जातं तो येतो. ज्यांना मिळणार असतं त्यांना अजून ते माहीत नसतं, किंवा ते अजून जन्मलेलेही नसतात. सुनावणीचा दरवाजा सगळ्यांना उघडा असतो, पण आत येणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा सातबारा असतो.

त्याच सुनावणीत बाजारपेठेतल्या रस्त्याचं रुंदीकरण होतं. दुकानदारांनी एकाच मजकुराचे अर्ज छापून आणले होते. फक्त नावाची जागा रिकामी ठेवून ती शाईनं भरलेली. सगळे एकत्र आले, सभागृह भरलं. मागणी सोपी होती: रस्ता रुंद करा, पण पलीकडच्या बाजूनं. पलीकडे कोष्टी लोकांची घरं होती. त्यांच्यापैकी कोणी आलं नव्हतं, कारण प्रारूप आराखड्यात त्यांच्या घरावरून रेषाच नव्हती. कशावर हरकत घेणार? निवडून आलेल्या सदस्यांचा कल दुकानदारांकडे होता, तो असणारच. तेव्हा त्या निवृत्त नगररचनाकारांनी शांतपणे सांगितलं की, ज्याची जमीन पहिल्या आराखड्यात बाधित नव्हती ती नव्यानं घ्यायची तर तो मोठ्या स्वरूपाचा बदल ठरतो, आणि त्यासाठी पुन्हा नोटीस काढून पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. कलम २९. सभागृहात नसलेल्या माणसांची बाजू कायद्यानं घेतल्याचं मी पाहिलेलं हे दुर्मीळ उदाहरण. रस्ता होता तिथंच राहिला, आणि त्या सद्गृहस्थांना पुढच्या समितीवर नेमलं गेलं नाही.

आणि नदीकडची जमीन. तिथले अर्ज वेगळ्या सुरात असत. त्यांना काही वाचवायचं नव्हतं, मिळवायचं होतं: शेती विभागातून रहिवास विभागात घ्या. दोन्ही प्रकारचे अर्ज एकाच तक्त्यात, एकाच नमुन्यात येतात, पण आबांचा अर्ज आणि चाळीस एकर पिवळी करून मागणारा अर्ज एका जातीचे नसतात. ओळखायची एक साधी खूण मला कळली होती: फेरफाराची तारीख बघायची. जमीन आजोबांच्या नावावरून आली की आराखड्याचा इरादा जाहीर झाल्यावर खरेदी झाली? ही तारीख तक्त्यात नसे. मी पेन्सिलीनं समासात लिहून ठेवी, आणि तक्ता टंकलिखित होताना समास गळून जाई.

नदीकडच्या जमिनीला पाटबंधारे खात्याच्या दोन रेषा असतात. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधायचं नाही, निळी ते लाल या पट्ट्यात अटींवर. रेषा आखायला उशीर होतो, आखल्यावर ती ‘पुन्हा तपासावी’ अशी मागणी होते, आणि दरम्यान एकेका गटाचा झोन बदलत जातो. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचं कलम ३७ आहे. त्यात म्हटलंय की बदल असा हवा, ज्यानं आराखड्याचं स्वरूप बदलणार नाही. दरेक बदल वेगळा पाहिला तर तो खरोखरच किरकोळ असतो. दोन एकर, पाच एकर. वीस वर्षांचे सगळे किरकोळ बदल एका नकाशावर रंगवून पाहायचं काम मात्र कोणाच्या कामाच्या यादीत नसतं. २००५ चा पूर आला, मग २०१९ चा आला. सांगली-कोल्हापूरकडची ती दृश्यं देशानं टीव्हीवर पाहिली. मी पाणी कुठवर आलंय ते पाहत नव्हते. त्या त्या भागाचा रंग कोणत्या वर्षी बदलला होता, ते मला आठवत होतं.

आता तेवीस नंबरकडे येते. समितीची शिफारस झाली: ‘हरकत अमान्य. आरक्षण कायम. नगरपरिषदेने प्राधान्याने संपादन करावे.’ शेवटचं वाक्य त्या निवृत्त गृहस्थांनी घालायला लावलं. असं वाक्य लिहायला पैसे लागत नाहीत. अमलात आणायला लागतात. सुनावणीनंतर चार वर्षांनी आराखड्याला मंजुरी आली. नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात भूसंपादनाच्या नावाखाली दर वर्षी एक लहानशी रक्कम दाखवली जायची, आणि ती दुसरीकडे वळवली जायची. तोवर आबांच्या जमिनीचं झालं ते असं: मुलाला घर बांधायला परवानगी मिळेना, बँक त्या उताऱ्यावर कर्ज देईना, विकत घ्यायला कोणी तयार होईना. नकाशावर ते मैदान होतं, प्रत्यक्षात शाळू. नातवंडं शाळेतून बाहेर पडली. आबा वारले.

कायद्यात यावर एक दार आहे, कलम १२७. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत संपादनासाठी पाऊल उचललं नाही तर आरक्षण आपोआप रद्द होतं. ती मुदत तेव्हा सहा महिने होती, आता चोवीस महिने आहे. दहा वर्षं भरली तसा आबांचा नातू वकिलाला घेऊन आला. शिकलेला, नीट बोलणारा मुलगा. नगरपरिषदेनं सहा महिन्यांच्या आत घाईनं ठराव केला आणि जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव पाठवला. पूर्वी एवढ्यावर भागत असे. पण २००७ मध्ये गिरणार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की ठराव आणि पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे. संपादनाच्या दिशेनं खरोखर काही घडलं पाहिजे. आरक्षण रद्द झालं. ‘उठलं’, असं म्हणतात. जे पडलं ते उठलं.

नातवाच्या बाजूनं न्याय झाला याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एका माणसाची जमीन कागदावर गावाला द्यायची, तिचे पैसे द्यायचे नाहीत आणि तिला हातही लावू द्यायचा नाही, हे दहा वर्षं चालवून घेणाऱ्या कायद्यात त्या माणसासाठी निदान एवढी तरी फट होती. तिथं आता चार मजली इमारती आहेत. मी एकदा कामासाठी गेले असताना मुद्दाम त्या बाजूला गेले. संध्याकाळची वेळ होती. मुलं पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मध्ये क्रिकेट खेळत होती आणि वॉचमन त्यांना हुसकत होता. इथं आपल्यासाठी मैदान ठरलेलं होतं, हे त्यांच्यापैकी कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. त्या शिक्षिकेची बदली कधीच झाली असणार.

आबांना मोबदला मिळाला नाही आणि मुलांना मैदान मिळालं नाही. सुनावणीत भांडण झालं होतं ते मात्र आबा की मुलं असं. पुष्कळ वर्षं मला वाटत असे की अशा निर्णयांत खोट असते ती माणसांची: नगरसेवकांचा दबाव, साहेबांची बदलीची भीती, पाकिटं. हे सगळं असतं, मी पाहिलंय. पण तेवीस नंबरावर कोणी पैसे खाल्ले नव्हते. समितीतले सगळे सरळ वागले. खोट तक्त्यात होती. सहा रकान्यांत दोन रकाने नव्हते. एक, ज्याचा सर्व्हे नंबर नाही त्याचा. दुसरा, ही जमीन घ्यायला पैसे कोण देणार, कोणत्या वर्षी, याचा. जे रकाने नसतात त्यांतलं काही निर्णयात उतरत नाही, मग निर्णय घेणारा कितीही भला असो.

एका गावाची गोष्ट म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण मोठ्या शहरांतही तेच घडतं. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला तेव्हा लोकांनी वॉर्डावॉर्डात नकाशे पसरून चुका शोधल्या, हजारोंनी हरकती दिल्या, आणि एप्रिलमध्ये शासनानं तो नव्यानं करायला सांगितला. त्याच्या आठ वर्षं आधी गोव्यात ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांच्या आंदोलनापुढे शासनाला मागं घ्यावा लागला होता. गोवा बचाव अभियानात उतरलेल्या कित्येकांचा स्वतःचा एक गुंठाही त्या नकाशात बाधित नव्हता. त्यांनी डोंगरउतार, खाजन शेतं आणि गाव यांची बाजू घेतली. तिथल्याच कायद्यात २०२३ मध्ये कलम १७ (२) आलं. आराखड्यातल्या अनवधानानं झालेल्या चुका दुरुस्त करायचं हे कलम, आणि त्याखाली एकेका भूखंडाचा मालक झोन बदलून मागू लागला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्यासाठीचे नियम रद्द ठरवले. सबंध नकाशा एकदा लोकांसमोर ठेवायचा आणि मग एकेका अर्जानं तो आतून बदलत न्यायचा, ही रीत सगळीकडे सारखी आहे. मराठीत तिला आपण ‘करून आणणं’ म्हणतो. तुमच्या भाषेतही तिच्यासाठी असं एखादं क्रियापद असेलच.

या मासिकाचे वाचक निरनिराळ्या राज्यांतले. तुमच्याकडे कायद्याचं नाव वेगळं असेल, समितीचं नाव वेगळं असेल, रंगही थोडे वेगळे असतील. पण प्रारूप नकाशा कुठंतरी एखाद्या भिंतीवर काही दिवस टांगलेला असतो, आणि ते दिवस फार थोडे असतात. लोक जातात ते आपल्या प्लॉटचा नंबर शोधायला. तो सुटलाय असं दिसलं की सुटकेचा श्वास टाकून परततात. मी तुम्हाला सांगेन की आपला नंबर पाहून झाल्यावर पाच मिनिटं तिथंच थांबा. आपल्या गल्लीतली मुलं कुठं खेळतात, पावसाचं पाणी कुठून जातं, भाजीवाल्या कुठं बसतात, ते नकाशावर शोधा. जे आहे आणि राहायला हवं ते दिसलं तर तेवढं एका कागदावर लिहा: हे राहू द्यावे. ज्याची जमीन त्यात जातेय त्याला वेळेत पैसे द्यावेत, हेही त्याच कागदावर लिहा, कारण त्याच्याखेरीज पहिली मागणी पोकळ आहे. मग अर्ज द्या आणि सुनावणीला नोटीस आली की हजर राहा.

तिथं तुम्हाला सर्व्हे नंबर विचारतील. नाही म्हणून सांगा. रकाना रिकामा आहे म्हणून अर्ज नाकारता येत नाही. खिडकीवरचा माणूस कुरकुर करील, पण आवक क्रमांक टाकून देईल. पोच घ्यायला तेवढं विसरू नका.